सीझन संपू दे

तारीख १८ एप्रिल, शुक्रवार. रक्कम पाच रियाल. हजर: किनारा क्लबचे तेरा खेळाडू, पंच आणि मी. दंड कोणाला झाला: दत्तात्रय चौगुले, राइट बॅक. कारण: पंचाशी हुज्जत.

आमच्या क्लबात पंचाशी हुज्जत घालणं नवं नाही आणि त्याबद्दलचा दंडही नवा नाही. पण दत्तूमामांना तो एकोणीस सीझनमध्ये पहिल्यांदा झाला. शिवाय हा दंड क्लबात आणला होता तो त्यांनीच. त्या दिवशी तो का झाला हे मी पाहिलेलं आहे, म्हणून लिहून ठेवतो.

सौदी अरेबियात दम्माम आणि अल-खोबर भागात आपल्या लोकांची एक हौशी फुटबॉल लीग आहे. शुक्रवारी सामने होतात, नऊ-नऊ जणांचे. लीगच्या तीन फळ्या आहेत. पहिल्या फळीत बहुतेक मलयाळी क्लब. त्यांच्याकडे प्रायोजक असतात, सरावाला प्रशिक्षक असतो, आणि सामन्यानंतर खेळाडूंना बिर्याणी मिळते. आमचा किनारा क्लब कायम दुसऱ्या फळीच्या तळाशी. वर जाण्याची भीती नाही, खाली जाण्याची मात्र दर वर्षी.

क्लब काढला सलीम परकार यांनी. ते दापोलीकडचे, दम्माममध्ये गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवतात. त्यांनी जमवलेली माणसं रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरची, आणि मुळात क्रिकेटवाली. ज्या मोकळ्या जागेत ते क्रिकेट खेळायचे तिथे गोदामं उभी राहिली. भाड्याने मिळणारी मैदानं फुटबॉलची होती, म्हणून ते फुटबॉल खेळू लागले. मी नाशिकचा, पेट्रोकेमिकलमध्ये इन्स्ट्रुमेंट इंजिनियर, आणि आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही. लीगला इंग्रजीत पत्रं लिहायला आणि वर्गणीचा हिशेब ठेवायला कोणीतरी हवं होतं, म्हणून बारा वर्षांपूर्वी सलीमभाईंनी मला धरून आणलं. तेव्हा दत्तूमामांची शेवटची बारा वर्षं माझ्या डोळ्यांसमोरची आणि त्याआधीची सात सलीमभाईंकडून ऐकलेली.

ते आले ती गोष्ट ऐकलेलीच. एका शुक्रवारी कामगारांच्या कॅम्पमधून एक बुटका, रुंद खांद्यांचा, धनुष्यासारख्या पायांचा माणूस पिशवीत बूट घेऊन आला आणि मैदानाच्या कडेला उभा राहिला. कोणी हाक मारेपर्यंत उभाच होता. सलीमभाईंनी गाव विचारलं. कोल्हापूर म्हटल्यावर सगळे हसले. एक जण म्हणाला,

"मामा, हा किनारा क्लब हाय. तुमच्याकडं दर्या कुठं?"

"रंकाळा हाय की," दत्तूमामा म्हणाले.

तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते, पण मिशांमुळे मामा ठरले ते कायमचे. कुठे खेळणार असं विचारल्यावर त्यांनी हाताने मैदानाची उजवी कड दाखवली. तिथे ते एकोणीस वर्षं खेळले. एकदा आमचे दोन्ही फॉरवर्ड सुट्टीवर गेले तेव्हा सलीमभाईंनी त्यांना पुढे खेळायला सांगितलं. ते पुढे गेले आणि पाच मिनिटांत खेळता खेळता परत आपल्या जागी आले. "तितं लई मोकळं वाटाय लागलं," एवढंच म्हणाले.

कोल्हापुरात फुटबॉल काय असतो हे मला त्यांच्यामुळे कळलं. तिथे प्रत्येक पेठेची तालीम असते, तालमीचा संघ असतो, आणि सामन्याच्या दिवशी दुकानदार दुकान भावावर सोडून मैदानावर जातो. कुस्तीच्या लाल मातीला नमस्कार करून पोरगा आखाड्यात उतरतो, तोच नमस्कार फुटबॉललाही. दत्तूमामा मैदानात पाय ठेवण्याआधी वाकून दोन बोटं जमिनीला आणि मग कपाळाला लावायचे. आमचं मैदान आधी वाळूचं होतं तोवर ते ठीक दिसायचं. पुढे तिथे कृत्रिम हिरवळ आली. मामांच्या कपाळाला रबराचे काळे कण चिकटू लागले.

सलीमभाई स्वतः नमाजी माणूस, पण चेष्टा सोडायचे नाहीत. "मामा, पिलास्टिकला कसला नमस्कार?"

"खाली वाळूच हाय की."

ते सगळ्यांत आधी यायचे आणि उजव्या कडेने एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत खाली बघत चालायचे. वाळूचं मैदान होतं तेव्हा ते दगड वेचायचे. हिरवळ आल्यावर वेचायला काही उरलं नाही, तरी चालणं राहिलं. मी एकदा विचारलं, आता काय शोधता? म्हणाले, "काय न्हाई. जागेला कळावं, आलोय म्हणून."

ते वेगवान नव्हते. मी पाहिले तेव्हा तर नव्हतेच. पण चेंडू जिथे येणार तिथे ते आधीच उभे असायचे, बस येण्याच्या वेळी थांब्यावर माणूस उभा असतो तसे. आणि समोरच्या विंगरशी बोलायचे. सामना सुरू असताना, हळू आवाजात, शुद्ध कोल्हापुरीत. समोरचा मलप्पुरमचा असो की हैदराबादचा. एकदा पहिल्या फळीतून खाली घसरलेल्या एका क्लबचा पोरगा मध्यंतरात रागाने माझ्याकडे आला. तो माणूस मला सारख्या शिव्या देतोय, त्याचा अर्थ सांगा, मी लीगकडे तक्रार करणार आहे, असं त्याचं म्हणणं. मी मामांना विचारून आलो आणि पोराला खरं ते सांगितलं: ते विचारत होते, जेवलास का, घरी कोण कोण असतं, आणि दमला असशील तर जरा बस की. दुसऱ्या अर्ध्यात त्या पोराला एक पास धड देता आला नाही. मामा शेवटपर्यंत म्हणत राहिले की त्यांनी नुसती विचारपूस केली.

दंडाची गोष्ट अशी. आमचे क्रिकेटवाले फुटबॉल शिकले, पण अपील करणं विसरले नाहीत. चेंडू बाहेर गेला की मामा सोडून आठच्या आठ जण दोन्ही हात वर करून पंचाकडे ओरडायचे. मग वाद, मग पिवळं कार्ड. दत्तूमामांना ते सहन होत नसे. एका बैठकीत त्यांनी दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा मधे ठेवला. म्हणाले, आमच्या वस्तादांचा नियम होता, मैदानात तोंड फक्त श्वास घ्यायला. पंचाशी बोलेल त्याने पाच रियाल टाकायचे. हे पैसे सीझनच्या शेवटी शफीकला द्यायचे असंही त्यांनीच सुचवलं. शफीक म्हणजे मैदानाचा बांगलादेशी राखणदार. दिवे लावतो आणि भिंतीपलीकडे गेलेले चेंडू आणून देतो. शफीकची त्यात बरी सोय झाली, कारण सलीमभाई एकटेच दर सीझनला डब्याचा तळ झाकायचे. मामांचा त्यात एक रियालही नव्हता.

मी क्लबात आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी पहिल्या फळीतल्या एका क्लबचे व्यवस्थापक कोयासाहेब मुद्दाम आमचा सामना बघायला आले. सामना संपल्यावर त्यांनी मामांना बाजूला घेतलं. मी हिशेबासाठी जवळच बसलो होतो. नवे बूट, येण्याजाण्याला गाडी, आणि स्वतःच्या वर्कशॉपमध्ये मामांच्या तेव्हाच्या पगारापेक्षा चांगल्या पगाराची जागा. दत्तूमामा दम्मामच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत फिटर होते. घरी दोन मुलं, बायको, आई. असा देकार कोणी विचार न करता सोडणार नाही. मामांनीही विचार केला. बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधेपर्यंत केला. मग त्यांच्या हिंदीत म्हणाले, "काम को आता साहेब. खेलने को नहीं आता. हमारे में पेठ नहीं बदलते."

कोयासाहेबांनी मला विचारलं, पेठ म्हणजे काय? मी सांगितलं, मोहल्ला. ते आमच्या पोरांकडे बघत राहिले. कोणी रोह्याचा, कोणी हर्णैचा, एकाचं पोट जर्सीतून बाहेर आलेलं. हा तुझा मोहल्ला? असं त्यांनी तोंडाने विचारलं नाही. नोकरीचं पुढे काही झालं नाही, पण दर सीझन संपला की ते मामांना हात मिळवायला यायचे आणि हसत विचारायचे, बदलली का पेठ?

आमच्या घरी ते दिवाळीला यायचे. अल-खोबरला आमचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. मामा येताना मटण घेऊन यायचे, माझ्या बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर बसवायचे आणि पांढरा रस्सा करायचे. ती म्हणायची, दिवाळीत मटण कशाला. ते म्हणायचे, वहिनी, फराळाचं तुम्ही बघा, दुपारचं मी बघतो. एका वर्षी आमच्या मुलीने, ती तेव्हा सातवीत होती, त्यांना तिच्या शाळेतल्या भाषेत विचारलं, "अंकल, टोटल किती गोल्स केले तुम्ही?"

"एक."

"ओन्ली वन? इतक्या वर्षांत?"

"तोबी आपल्याच जाळीत."

मुलगी हसायचं की नाही म्हणून माझ्याकडे बघायला लागली. मामांनी तिला वाटीत आणखी रस्सा वाढला. म्हणाले, गोल मारणारं वर्षाला नवं मिळतं, अडवणारं एक असलं की पुरतं.

आता त्या वाक्याकडे येतो. दत्तूमामांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: सीझन संपू दे. दाढ दुखते, काढून घ्या. सीझन संपू दे. चष्मा लागलाय. सीझन संपू दे. सामन्याच्या मध्यंतरात कोल्हापूरहून त्यांच्या बायकोचा, शालनवहिनींचा फोन यायचा, कारण शुक्रवारी त्या वेळी ते नक्की सापडतात हे त्यांना ठाऊक होतं. न्हाणीघराची फरशी उखडली आहे, गवंडी विचारतोय. सीझन संपू दे. मुलीसाठी स्थळ आलंय, बघायला कधी याल? सीझन संपू दे. आणि दर वेळी फोन ठेवण्याआधी एक प्रश्न, तो काही मला ऐकू यायचा नाही, पण उत्तरावरून कळायचा. "येतो की. कायमचाच येतो. हा सीझन संपू दे."

सीझन संपायचा. ते चाळीस दिवसांच्या सुट्टीवर जायचे आणि परत यायचे. मुलीचं लग्न एका सुट्टीत झालं. आई एका सीझनमध्ये गेली. तेव्हा मात्र ते सीझन सोडून गेले, आणि परत आल्यावर दोन सामने काही न बोलता खेळले. समोरच्या विंगरलाही काही विचारलं नाही.

ते जात का नाहीत, हे मला एकदाच कळलं. सामन्यानंतर मी त्यांना गाडीने कॅम्पवर सोडत होतो. बाहेर धुळीचं वादळ होतं, गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. मी सहज विचारलं, सुट्टीवर गेलात की तालमीचे सामने बघत असाल? ते म्हणाले, न्हाई.

मग काचेकडे बघत सांगितलं ते असं. त्यांचा व्हिसा आला तेव्हा कोल्हापुरातला मोसम चालू होता, आणि पेठेचा संघ अंतिम सामन्यात पोचला होता. सामना रविवारी, विमान गुरुवारी. एजंट म्हणाला, गुरुवारी नाही गेलात तर जागा गेली. घरी भावाचं दुकान बुडालेलं. वस्ताद म्हणाले, जा बाळा, पोटापाण्याचं बघ. ते आले. रविवारी पेठ हरली. गोल उजव्या बाजूने झाला. एका टेलिफोन बूथमधून त्यांनी ते ऐकलं. त्यांना कोणी दोष दिला नाही. पण सुट्टीवर गेले की ते स्टेडियमच्या रस्त्याने जात नाहीत, मागच्या गल्लीने जातात.

"कुणी काय म्हणत न्हाई हो," ते म्हणाले. "पर तितं मी कोण? मधीच गेलेला. हितं मी बॅक हाय."

मी गाडी बाजूला घेतली. कॅम्पचं फाटक आलं होतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांनी नेहमीप्रमाणे सुट्टीचा अर्ज केला. सीझनचा शेवटचा सामना १८ एप्रिलला, म्हणून विमान त्यानंतरच्या आठवड्यातलं. कंपनीची सरकारी कागदपत्रं करणारा माणूस, ज्याला इथे मंदूब म्हणतात, त्याने संगणकावर जाण्या-येण्याचा व्हिसा काढायचा तो काढला नाही. एका ओळीने चुकून खालचा पर्याय दाबला. शेवटच्या सामन्याच्या आठवड्यात दत्तूमामांच्या मोबाईलवर संदेश आला, आणि त्यांनी तो मला वाचायला पाठवला. तो फायनल एक्झिट होता. म्हणजे इकामा, इथे राहण्याचा परवाना, बंद. देश सोडायचा, परत यायचं नाही.

असं इथे होतं. मुदतीच्या आत कंपनीने अर्ज केला तर ते रद्दही होतं. मंदूब इजिप्तचा, भला माणूस. त्याने छातीवर हात ठेवून माफी मागितली, आणि मॅनेजर म्हणाला की अर्ज लिहून आणा, रविवारी कचेरी उघडली की मी सही करतो. चौगुलेसारखा फिटर मला नको आहे असं कोण म्हणेल? तो अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं.

सामन्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी मी घरी अर्ज लिहीत असताना कोल्हापूरहून फोन आला. शालनवहिनींनी मला त्याआधी कधीच फोन केला नव्हता. आधी आमच्या मुलीची परीक्षा, बायकोची तब्येत, सगळं नीट विचारलं. मग म्हणाल्या, "भाऊ, तो कागद रद्द होतोय म्हणं."

मी म्हणालो, होतो. रविवारी सही झाली की होईल.

"करू नका असं मी म्हणणार न्हाई. त्यांचं त्यांनी ठरवावं. म्या कधी अडवलं न्हाई." पुढे म्हणाल्या, "पर तुम्ही अर्ज लई चांगला लिहू नका."

मी काय उत्तर दिलं ते नीट आठवत नाही. बहुधा हो म्हणालो. पण मला वाईट अर्ज लिहिता येत नाही. एकोणीस वर्षांची सेवा, एकही गैरहजेरी नाही, चूक कचेरीची; सगळं जसं होतं तसं लिहिलं, छापलं आणि पाकिटात घातलं. त्यावर मामांची एक सही हवी होती. शुक्रवारी सामन्यानंतर घेऊ, असं ठरलं. इकामा बंद झालेल्याला खेळू द्यायचं की नाही असा प्रश्न लीगमध्ये निघाला होता. नोंदणी सीझनच्या सुरुवातीची असल्यामुळे ती ग्राह्य धरली गेली. त्यासाठी सगळ्यांत जास्त कोयासाहेब भांडले.

१८ एप्रिलच्या सामन्यात आम्हाला बरोबरी पुरेशी होती. हरलो असतो तर तिसऱ्या फळीत गेलो असतो. दुपारनंतरची, असरची नमाज झाल्यावर सामना सुरू झाला. हवा तापलेली होती. मामा वाकले, नमस्कार केला, आपल्या कडेने चालून आले. सलीमभाई त्या दिवशी पिलास्टिकबद्दल काही बोलले नाहीत.

खेळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आमच्याकडून कोणी गोल करील असं वाटत नव्हतं, आणि उजव्या बाजूने त्यांना करू देणार नाही असं एक माणूस ठरवून आला होता. त्यांचा विंगर विशीतला होता. मामांची त्याच्याशी विचारपूस चालू होती. दुसऱ्या अर्ध्यात मामांच्या पोटरीत गोळा आला, तेव्हा त्या पोरानेच त्यांचा पाय वर धरून ताणून दिला. सलीमभाईंनी बदली खेळाडू उभा केला. मामांनी हात हलवून त्याला बसवलं. मध्यंतरात शालनवहिनींचा फोन आला नव्हता. तो कधी यायचा चुकला नव्हता, आणि मामा मोबाईल हातात घेऊन बाकावर बसून होते.

शून्य-शून्य असताना पंचांनी शिट्टी वाजवली. पंच सुदानी होते, उस्ताद इद्रिस, शांत माणूस. सामना संपला, आम्ही वाचलो. आमची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. सलीमभाई गुडघ्यावर बसले.

दत्तूमामा मात्र मैदानाच्या मधोमध पंचांकडे निघाले होते. धावत. मी त्यांना इतकं धावताना पाहिलं नव्हतं.

"दोन मिनिटं हायत!" ते ओरडत होते. आधी मराठीत, मग हिंदीत, मग जी काय अरबी येत होती त्यात. "दकीका! इतनीन दकीका!" त्यांनी पंचांचं मनगट धरून घड्याळाकडे बोट दाखवलं. "अजून हाय. खेळवा. दोन मिनिटं खेळवा की हो."

समोरचा संघ थक्क होऊन बघत राहिला. उरलेली दोन मिनिटं हवी असली तर त्यांना हवी असायला हवी होती. आम्हाला ती नको होती. आमच्यापैकी एकालाही नको होती.

उस्ताद इद्रिस यांनी मनगट सोडवून घेतलं नाही. दुसरा हात मामांच्या खांद्यावर ठेवला. "खलास, या हाज," वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं ते म्हणाले. "खलास."

माझ्या घड्याळाप्रमाणे पंच बरोबर होते. उलट अर्धं मिनिट जास्तच खेळवलं होतं. मामांनाही ते माहीत असणार. घड्याळाशिवाय वेळ सांगणारा माणूस तो. ते तिथेच उभे राहिले. मग हसले, आणि बाहीने तोंड पुसलं. सलीमभाई डबा घेऊन मैदानात गेले. त्यांनी डबा मामांपुढे धरला. म्हणाले, "मामा, पाच रियाल. एकोणीस वर्सं वाट बघतोय मी."

मामांनी पिशवीतून पन्नासची नोट काढली आणि माझ्याकडे दिली. मी डब्यात पाच टाकले आणि पंचेचाळीस परत करायला गेलो. त्यांनी घेतले नाहीत. मी पाकीट पुढे केलं, अर्ज आणि पेन. त्यांनी अर्ज उघडला, वाचला. इंग्रजी त्यांना सावकाश वाचता येतं. पुन्हा घडी घातली.

"लई झाक लिवलायसा," ते म्हणाले. "राहू दे साहेब. सीझन संपला."

मग मोबाईल घेऊन ते उजव्या कोपऱ्याच्या झेंड्यापाशी गेले आणि कोल्हापूरला फोन लावला. आम्हाला ऐकू आलं नाही. पाठ आमच्याकडे होती. एवढं दिसलं की बोलता बोलता ते पायाने जमीन उकरत होते, आणि नंतर बराच वेळ नुसते ऐकत होते.

विमानतळावर मी आणि सलीमभाई गेलो होतो. सामानाचं वजन जास्त भरलं. मामांनी बॅगेतून बूट काढले आणि नाड्या बांधून गळ्यात अडकवले. पंचेचाळीस रियाल मी पाकिटात घालून नेले होते. क्लबकडे कोणाचे जादा पैसे राहू नयेत असं माझं मत आहे.

"ऱ्हाऊ देत तुमच्याकडंच," ते म्हणाले. "नऊ वेळा भांडायचं बाकी हाय माझं."

"तिथून कसं भांडणार?"

"बघू की."

सलीमभाईंनी त्यांना मिठी मारली. बूट मधे आले. मग ते आत गेले. तपासणीच्या पट्ट्यावर बूट ठेवताना रांगेतल्या पुढच्या माणसाला ते काहीतरी विचारत होते. जेवलास का, असंच असणार.

जानेवारीत एका रविवारी दुपारी मी कामावर असताना फोन आला. मामांचा व्हिडिओ कॉल. पडद्यावर आधी फक्त माणसं दिसली, पायऱ्यांवर दाटीने बसलेली, कोणी झेंडे हलवत होतं. मग मामांचा चेहरा आला. मिशा पांढऱ्या दिसल्या. इथे रंगवत असणार, मला कधी कळलं नव्हतं. ओरडून सांगत होते ते तुटक ऐकू आलं. मागच्या गल्लीने निघाले होते, पण शालनने स्टेडियमच्या रस्त्याने चला म्हटलं. फाटकाशी उभे राहिले. त्या अंतिम सामन्यातला त्यांचा गोलकीपर आता टक्कल पडलेला, वरच्या पायरीवर बसला होता. त्याने बघितलं आणि शेजारच्याला म्हणाला, सरक जरा, दत्त्या आलाय. झालं. एवढंच. त्या सामन्याचं कोणी नाव काढलं नाही.

बोलता बोलता मैदानात काहीतरी घडलं. सगळ्या पायऱ्या एकदम उभ्या राहिल्या. फोन हलला, आभाळ दिसलं, कोणाची तरी पाठ दिसली, आणि मामांचा आवाज आला. पंचाला दिसत नाही का, ऑफसाइड कुठला, असं आणि आणखी जे मी इथे लिहीत नाही. मग चेहरा परत आला. घामाने डबडबलेला, प्रसन्न.

"देवरेसाहेब," ते म्हणाले, "पाच कापा."

त्या शुक्रवारी मी पाकिटातून पाच रियाल काढले आणि सीझन संपायची वाट न बघता शफीकला दिले. कोणाचे, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, राइट बॅकचे. शिल्लक चाळीस.